बांध फुटला नव्हता, विद्याधर

२० फेब्रुवारी २०२१, शनिवार. डबे धुतेय.

इथल्या मराठी मंडळाच्या डबा-सेवेचे डबे. आजारी घरांतून परत आले की ते माझ्याकडे येतात, कारण माझ्या मागच्या अंगणात नळ आहे आणि मला किळस येत नाही. हळदीचे डाग साबणानं जात नाहीत, उन्हानं जातात. पंधरवड्यापूर्वी इथं गुडघाभर बर्फ होतं आणि आज शेजारचा डच म्हातारा अर्ध्या चड्डीत खुर्ची टाकून बसलाय. मला हे ऊन काही बरं वाटत नाही. फेब्रुवारीत असं ऊन पडू नये.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दे, असं मंजिरी म्हणाली. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, ते तिनं लिहावं. नवरा तिचा होता. मी तुझ्याशी भांडायचे, तेव्हा भांडणच लिहिणार. अर्धं राहिलंय ते.

तू गेलास त्या आठवड्यात संचारबंदी नवी होती. रात्री नऊनंतर रस्त्यावर माणूस नाही. त्या रागात आइंडहोवनच्या स्टेशनवर पोरांनी काचा फोडल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बायका झाडू घेऊन त्या गोळा करत होत्या. तू दवाखान्यात होतास म्हणून तुला दिसलं नाही. तुझ्या अंत्यविधीला मोजकीच माणसं. साताऱ्याहून गुरुजी स्क्रीनवर मंत्र म्हणत होते आणि मधेच नेट अडकलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मंजिरी माझ्याकडे बघून म्हणाली, "विद्याधर आत्ता हसला असता." मग रडली. मी रडले नाही. मी लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

बारा वर्षांपूर्वी मंडळ काढलं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती. परदेशात मराठी माणसं एकत्र आली की दुसऱ्या वर्षी दोन मंडळं होतात. आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून पहिल्या घटनेत आपण अगदी प्रेमानं लिहिलं: सर्व निर्णय सर्व कुटुंबांच्या एकमतानं. टाळ्या वाजल्या होत्या. तू साताऱ्यात वकिली केलेला माणूस, चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीतल्या मंजिरीच्या नोकरीमागे इथं येऊन घर सांभाळणारा, तूसुद्धा वाजवल्यास.

मग पहिला गणपती आला. आणताना कुणाचं काही म्हणणं नव्हतं. वाद निघाला विसर्जनाचा. नगरपालिका कालव्यात सोडू देईना. बहुतेकांनी म्हटलं, अंगणात टब ठेवू. एक कुटुंब म्हणालं, टबात बुडवणं म्हणजे विसर्जन नव्हे, वाहतं पाणी पाहिजे. दुसरं म्हणालं, कायदा मोडायचा नाही. एकमत होईना. एकमत नाही तर उत्तरपूजा नाही, आणि उत्तरपूजा नाही तर देव हलवायचा नाही. अनंत चतुर्दशी गेली आणि गणपती तुझ्या सायकलींच्या शेडमध्ये तसाच. प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती, तेव्हा रोज आरती, रोज नैवेद्य. पितृपक्ष झाला, नवरात्र आलं. मंजिरी ऑफिसला जायच्या आधी शेडमध्ये वरणभात ठेवायची. तू मला फोन करून म्हणालास, "नीला, देवाला सायकलचं तेल लागलंय हाताला. बोलाव की सभा." मी सभा बोलावली. पुन्हा एकमत नाही.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी तू कुणालाही न विचारता मागच्या अंगणातल्या निळ्या पिंपात विसर्जन केलंस. वाहतं पाणी हवं म्हणणारं कुटुंब मंडळ सोडून गेलं. दोन मंडळं व्हायची ती झालीच.

त्या हिवाळ्यात आपण माझ्या स्वयंपाकघरात बसून दुसरी घटना लिहिली. म्हणजे तू लिहिलीस, मी चहा केला आणि आडवी गेले. तू रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचास, त्यामुळे कुठलंही वाक्य लिहिण्याआधी तुला अर्धा तास जगाचा इतिहास सांगायला लागायचा.

"याच देशात बघ," तू केळं सोलत म्हणालास. "तीनशे वर्षांपूर्वी सात प्रांत. युद्ध असो की तह, मोठ्या गोष्टीला सातांचं एकमत पाहिजे. प्रतिनिधी सभेत यायचे आणि म्हणायचे, थांबा, घरी विचारून येतो. होडीत बसून जायचे, विचारून यायचे. तोवर फ्रेंच दारात."

"आणि आपण शेडमध्ये," मी म्हटलं.

"हसू नकोस. अमेरिकेत तेच. तेरा राज्यं इंग्रजांच्या तावडीतून सुटली आणि असं मंडळ काढून बसली की मध्यवर्ती सभेनं पैसे मागावेत आणि राज्यांनी 'बघू' म्हणावं. सैनिकांचे पगार थकले. कर्जात बुडालेले शेतकरी बंदुका घेऊन उठले. तेव्हा कुठे त्यांनी नवी घटना लिहायला घेतली, आणि लिहिताना या हॉलंडचं उदाहरण समोर ठेवलं. असं करायचं नाही, म्हणून."

"मराठे सरदारांचं नाही ठेवलं?"

"त्यांना ठाऊक नव्हतं. नाहीतर त्यांनी आपल्यावर वेगळा धडा लिहिला असता."

मग तू भारतावर आलास. तेव्हा तुझा आवाज नेहमी जरा खाली यायचा. स्वराज्याची आपली पहिली तालीमच कशी मोडकी होती, ते सांगितलंस. निवडून आलेल्या मंत्र्यांकडे शाळा आणि गटारं. तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या बाजूला. लोक शिव्या द्यायचे मंत्र्यांना, आणि मंत्र्यांच्या हातात काही नाही. पुढे प्रांतांत आपली सरकारं आली, जरा घडी बसतेय तोच महायुद्ध सुरू झालं आणि बऱ्याच मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. "कारण योग्य होतं," तू म्हणालास, "पण खुर्ची रिकामी राहत नाही, नीला. गव्हर्नर बसला. अनेक वर्षं बसला." आणि मग दिल्लीत राज्यघटना लिहिली जात असताना बाहेर फाळणीच्या गाड्या प्रेतांनी भरून येत होत्या. सभागृहात बसलेल्या माणसांनी हे सगळं पाहिलेलं. म्हणून त्यांनी केंद्र मजबूत केलं, गव्हर्नरची जुनी चावी राज्यपालाच्या खिशात ठेवली, राज्याचं सरकार बाजूला सारण्याची सोय ठेवली आणि आणीबाणीचा अख्खा भाग घातला. काही सभासद ओरडले की हे गोऱ्या साहेबाचंच हत्यार आहे. त्यांना उत्तर मिळालं ते असं, की आशा करू या, ही कलमं कागदावरच राहतील.

"मग राहिली का कागदावर?" मी विचारलं.

तू केळं खाली ठेवलंस.

तुझे वडील शाळामास्तर. आणीबाणीत येरवड्यात होते. तू तेव्हा दहा वर्षांचा. ते सुटून आले आणि पुढे जन्मभर दाराची कडी वाजली की आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि तूच, त्यांचा मुलगा, माझ्या टेबलावर बसून लिहिलंस: असाधारण परिस्थितीत अध्यक्ष किंवा सचिव यांना सर्वसाधारण सभेची वाट न पाहता मंडळाच्या वतीनं आवश्यक तो निर्णय घेता येईल.

"असाधारण म्हणजे काय, ते कोण ठरवणार?" मी.

"ज्याच्यावर वेळ येईल तो."

"आणि ती संपली हे कोण ठरवणार?"

"सेक्रेटरीबाई, पन्नास घरांचं मंडळ आहे. पुरणपोळीसाठी कुणी रणगाडे आणत नाही."

"तुझ्या वडिलांना विचारलंस?"

तू चिडलास. तुला चिडलेलं मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. "वडील काय म्हणायचे सांगू? म्हणायचे, कलम वाईट नव्हतं, माणसं वाईट होती. आपल्याकडे माणसं चांगली आहेत. मला पुन्हा शेडमध्ये गणपती नकोय, नीला. निर्णयच न होण्यापेक्षा चुकीचा झालेला बरा."

मला तेव्हा जे म्हणायचं होतं ते नीट जुळवता आलं नाही. मी कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करते. तिथं मी रोज बघते, एक पुर्जा कमी पडून लाइन थांबली की पुढच्या वर्षी लोक त्याच पुर्ज्याचा डोंगर रचून ठेवतात. मग थांबते ती दुसऱ्याच कशानं तरी, आणि डोंगर वाटेत येतो. माणसं कायम मागच्या अपघाताचा बंदोबस्त करत असतात. तुझे ते दिल्लीतले शहाणे लोकही मागच्याच भीतीचा बंदोबस्त करत होते. पुढचा चोर बंदोबस्तासाठी केलेल्या दारातूनच आला. हे मला आज सुचतंय, डबे घासताना. तेव्हा मी फक्त म्हटलं, "मुदत घाल. तीन महिने, सहा महिने, काहीतरी." तू म्हणालास, "पुढच्या सभेत दुरुस्ती आणतो."

दरवर्षी तू आणणार होतास. दरवर्षी वार्षिक सभेत जेवणाची वेळ व्हायची.

आता प्रसन्नबद्दल. त्याला खलनायक करणं सोपं आहे आणि ते खरं नाही. गेल्या मार्चमध्ये कोरोनानं सगळं बंद झालं तेव्हा आपला हा अध्यक्षच हलला, बाकीचे नुसते मेसेज पुढे ढकलत होते. त्यानं डबा-सेवा उभी केली. बोटाला लावायची ऑक्सिजनची यंत्रं मागवून घरोघर पोचवली. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले घरचे डॉक्टर, फोनवर प्रत्येकाला पॅरासिटामॉलच सांगतात, तेव्हा ज्यांना डच येत नाही त्यांच्या वतीनं तो डॉक्टरांशी भांडला. तुझ्यासाठी अँब्युलन्स त्यानंच बोलावली. सगळं तुझ्या कलमाखाली, कुणालाही न विचारता. मीही बरं वाटून घेतलं.

जानेवारीत शेजारच्या न्यूनेन गावातल्या कौस्तुभ आणि रेवतीनं मुलाचा पहिला वाढदिवस केला. घरात एकच पाहुणा चालेल असा नियम असताना तीन कुटुंबं जमली. कुणीतरी फोटो टाकला. चूकच होती. प्रसन्ननं त्याच संध्याकाळी त्यांना मंडळातून कमी केलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. सभा नाही, विचारणा नाही. त्याच्या मेसेजखाली पन्नास अंगठे.

मी तुला फोन केला होता. तू तेव्हा नुकताच खोकायला लागला होतास. म्हटलं, "तुझं कलम माणसं काढायला लागलंय." तू बराच वेळ खोकलास आणि म्हणालास, "रविवारी बोलू." त्या रविवारी तू व्हेंटिलेटरवर होतास.

तू गेल्यानंतरची एक बातमी तुला सांगायचीच आहे. तू खुर्चीतून उठून ऐकली असतीस. या मंगळवारी हेगच्या न्यायालयानं सांगितलं की संचारबंदी बेकायदा आहे, ताबडतोब उठवा. सरकारनं ज्या कायद्याचा आधार घेतला तो अचानक आलेल्या संकटासाठी आहे. समुद्राचा बांध फुटला, पाणी आत आलं, संसदेला विचारायला वेळच नाही, अशा वेळेसाठी. इथं आठवडेच्या आठवडे चर्चा चालली होती. विचारायला वेळ होता. सरकार त्याच दिवशी वरच्या न्यायालयात गेलं आणि संध्याकाळपर्यंत संचारबंदी पुन्हा उभी. मग घाईघाईनं नवा कायदा. काल वरच्या सभागृहानं तोही मंजूर केला. आणि हे सगळं करणारं सरकार राजीनामा देऊन बसलेलं आहे. आमची ईशा जेवताना म्हणाली, "आई, so it was illegal only for lunch?" तुला उत्तर आलं असतं, आणि जेवण गार झालं असतं.

गुरुवारी मंजिरीचा फोन आला. कौस्तुभ आणि रेवती दोघंही आजारी. ताप, अंगात उभं राहायचं त्राण नाही, घरात एक वर्षाचं मूल. डबा ग्रुपवर मागायचा असतो आणि ते ग्रुपवर नाहीत. चार दिवस बिस्किटं आणि दूध. रेवतीनं शेवटी मंजिरीला कळवलं, कारण तिला वाटलं, जिचा नवरा नुकताच गेलाय ती तरी नियम सांगणार नाही.

"नीला," मंजिरी म्हणाली, "विद्याधर असता तर हे झालं नसतं."

"तो असता तर त्यानं कलम वाचून दाखवलं असतं," मी म्हटलं.

मला असं बोलायला नको होतं असं तुला वाटत असेल. मला वाटत नाही. मी गाडी काढून न्यूनेनला गेले, दाराबाहेर खिचडी ठेवली, मागे सरकून उभी राहिले. रेवतीनं दार उघडलं. तिच्या कडेवरचं पोर डब्याकडे बघून ओरडलं, अगदी प्राण्यासारखं. तुझ्या कलमाचा अर्थ मला तिथं कळला. इतकी वर्षं तो आपल्या दोघांच्या वादाचा विषय होता.

आज सकाळी प्रसन्नचा फोन.

"नीलाताई, मंडळाची मार्चची निवडणूक पुढे ढकलतोय. परिस्थिती पूर्ववत होईपर्यंत. उद्या तुमच्याकडून नोटीस गेली की झालं."

"पूर्ववत झाली हे कोण ठरवणार?"

"कमिटी. म्हणजे आपण."

"स्क्रीनवर मतदान घेता येईल की. पोरांची शाळा होते, पुण्यातली लग्नं होतात."

"ताई, आत्ता कुणाला हौस आहे निवडणुकीची? घरोघर माणसं खोकतायत. आपण काम करतोय ना? आणि हे माझं नाही. विद्याधरदादांनीच लिहून ठेवलंय."

"कौस्तुभचं पोर चार दिवस उपाशी होतं, तेही त्यानंच लिहून ठेवलंय का?"

खरंच माहीत नव्हतं त्याला. मग म्हणाला, "अरेरे. मला सांगायचं की. मी स्पेशल परवानगी दिली असती."

विद्याधर, परवानगी म्हणाला तो. चांगला माणूस आहे तो. मनापासून बोलत होता. वर्षभरापूर्वी तो डबे पोचवत होता, आता परवानगी देतोय, आणि मधे नेमकं काय बदललं ते त्यालाही सांगता येणार नाही. तुझे वडील म्हणायचे माणसं वाईट होती. मला वाटतं, त्यांचा जेलरही घरी चांगलाच असेल.

तुझे उपकार आहेत, ते नाकारत नाही. मी आयुष्यात राज्यघटना उघडून पाहिली नसती. ईशाला आपल्या देशाबद्दल जे माहीत आहे त्यातलं निम्मं तुझ्या रविवारांमुळे. शिवाय तू मला विरोधक म्हणून गंभीरपणे घ्यायचास, आमच्या घरीसुद्धा इतकं कुणी घेत नाही. पण राग आहे. आणीबाणीनंतर दिल्लीत निदान दुरुस्ती झाली; मंत्रिमंडळानं लेखी द्यायचं, ठरावीक मुदतीनं संसदेकडे परत यायचं, हे घातलं. तूच सांगितलंस ते. तुला औषध ठाऊक होतं. तू जेवायला उठलास आणि मग मेलास.

डबे सुकले. आत नेते.

रविवार.

सकाळी उठून चहा केला आणि नोटीस लिहिली. प्रसन्नची नाही. असाधारण परिस्थितीतील कलमानुसार, सचिव या नात्यानं: निवडणूक मार्चमध्येच, स्क्रीनवर. कौस्तुभ आणि रेवतीचं सभासदत्व आजपासून पूर्ववत. आणि सदर कलम पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित. खाली माझं नाव. ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या मिनिटाला प्रसन्नचा फोन. "ताई, हे असं एकटीनं ठरवता येत नाही."

"येतं. वाच."

त्यानं वाचलं असणार. कारण तो आवाज न चढवता म्हणाला, "मग आपल्या दोघांत फरक काय राहिला?" आणि फोन ठेवला.

मी ग्रुप उघडून बसले. अंगठे यायला लागले. नमस्काराचे हात, फुलं. कौस्तुभ-रेवतीला काढल्याच्या मेसेजखाली ज्यांनी अंगठे दिले होते, तीच नावं. एकीनं विचारलं, उद्याच्या डब्यात उसळ आहे का. एकानं लिहिलं, ताई, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहोत. मी वाट बघत राहिले. कुणीतरी विचारेल की बाई, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला. चहा गार झाला, शेजारचा म्हातारा खुर्ची घेऊन बाहेर आला, चर्चची घंटा झाली. कुणी विचारलं नाही.

मग मी कौस्तुभला फोन केला. ताप उतरला होता. आभार मानायला लागला, त्याला थांबवलं आणि म्हटलं, "बरा झालास की सचिवपदाला उभा राहा. माझ्याविरुद्ध."

"तुमच्याविरुद्ध? का हो ताई, तुम्ही तर..." तो खोकत हसला.

"कारण आज मला कुणी अडवलं नाही," मी म्हटलं, आणि त्याचं हसणं थांबेपर्यंत फोन धरून बसले.